तीस दिवसांची खाट

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांमध्ये मी सर्व्हे करायला जायचे, तेव्हा आमच्या फॉर्मवर दारूचा रकाना नव्हता. घरातली किती माणसं गेली, किती उरली, जनावरं किती, भांडीकुंडी आहेत का, एवढंच विचारायचं होतं. मी लातूरची, समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली. पहिले काही महिने मी फॉर्म भरत राहिले आणि वास येत राहिला. सकाळी दहा वाजता यायचा. ज्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती अशा माणसांच्या तोंडालाही यायचा. मी माझ्या वरिष्ठांना विचारलं, हे कुठं लिहायचं? ते म्हणाले, "शेरा म्हणून खाली लिहा." मी पानंच्या पानं शेरे लिहिले. त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझं मात्र एवढं झालं की पुढची बावीस वर्षं मी याच कामात राहिले.

नांदेडला एका संस्थेनं व्यसनमुक्ती केंद्र काढलं तेव्हा मी तिथं समुपदेशक म्हणून लागले. एका दुमजली घराचा वरचा मजला. पंधरा खाटा, एक सिस्टर, संध्याकाळी येणारे डॉक्टर, आणि वॉर्ड सांभाळायला एक चाचा. चाचा नांदेडच्याच इतवाऱ्यातले, घराणं शिंप्याचं. ते स्वतः आमचे पहिल्या वर्षीचे पेशंट. बरे झाले आणि घरी जाऊन परत मशीनवर बसण्याऐवजी इथंच राहिले. नव्या माणसाचे हातपाय थरथरायला लागले की चाचा त्याच्या खाटेवर बसून म्हणायचे, "घाबरू नको बेटा. तीन दिस. चौथ्या दिवशी तू मला शिव्या देशील, म्हणजे समजायचं तब्येत सुधारली."

केंद्र सरकारी अनुदानावर चालायचं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाकडे शंभर रुपयेही नसायचे, त्यामुळं दुसरा मार्गच नव्हता. अनुदानाला अटी होत्या. खाटा किती, रजिस्टरं कोणती, आठवड्याला किती गटचर्चा. त्यातली एक अट मला पाठच होती: रुग्णाचा मुक्काम तीस दिवस. संस्थेचे सचिव म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांनी परिपत्रकाची झेरॉक्स फाइलला लावून ठेवली होती आणि त्या वाक्याखाली लाल पेन्सिलनं रेघ मारली होती. एकतिसाव्या दिवशी माणूस खाटेवर दिसला तर तपासणीत हरकत निघेल, असं ते नेहमी सांगायचे. मला ते पटायचं. बऱ्याचदा बाहेर यादी लागलेली असायची. एक उठला तर दुसरा झोपणार.

भूकंपाला दहाएक वर्षं झाली असतील. जानेवारी संपत आला होता. एक मुलगी तिच्या मामाबरोबर आली आणि त्या दोघांच्या मध्ये तिचे वडील. पन्नाशीचा, उंच, दाढी वाढलेला माणूस. जिना चढताना त्यानं तीनदा थांबून कठड्याला हात लावला. मुलीच्या पाठीवर दप्तर होतं. ती लातूरला बारावीला होती, क्लासेसच्या गल्लीत एका खाजगी हॉस्टेलवर राहायची. मामा फी भरत होता.

"मॅडम, आबा हॉस्टेलच्या गेटवर येऊन बसतात," ती म्हणाली. "कुणाला त्रास देत नाहीत. नुसतं बसतात. पण पिऊन बसतात. हॉस्टेलच्या काकू म्हणाल्यात, आणखी एकदा आले तर खोली सोड."

"कशाला येतात?"

"मी आहे का बघायला."

मी वडिलांकडे बघितलं. ते खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत होते. भूकंप झाला त्या पहाटे ते शेतातल्या आखाड्यावर, जनावरांजवळ उघड्यावर झोपले होते आणि ही मुलगी मामाच्या घरी होती. घरात बायको आणि धाकटी लेक. दोघी गेल्या. हे मला मामानं हळू आवाजात सांगितलं. सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावात त्यांना घर मिळालं होतं, पण त्या घरात त्यांना झोप लागत नव्हती. छताखाली झोपायचं म्हटलं की प्यावी लागायची.

मुलीनं दप्तरातून बोर्डाचं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथपर्यंत ठेवता येईल का? इथपर्यंत ठेवा, मग मी बघते."

मी मोजलं. तीस दिवस संपत होते आणि त्यानंतर तिचे अकरा दिवस उरत होते. मी तिला अट सांगितली. ती म्हणाली, "अकराच दिवस तर आहेत." मी म्हणाले, "नियम आहे बाळा, माझ्या हातात नाही." हे वाक्य मी त्या काळात आठवड्यातून दोनचारदा तरी म्हणत असेन. अगदी सहज निघायचं तोंडातून.

पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. त्यांना भास व्हायचे, भिंत सरकते आहे असं वाटायचं, आणि ते खाटेवरून उतरून दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहायचे. चाचा त्यांच्याबरोबर चौकटीत उभे राहायचे. मग हळूहळू जेवण जायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गच्चीवर झोपायची परवानगी मागितली. डॉक्टरांनी दिली. उघड्यावर त्यांना गोळीशिवाय झोप लागली. चाचांनीही आपलं अंथरूण वर नेलं. तिसऱ्या आठवड्यात ते गटचर्चेत पहिल्यांदा बोलले. काय बोलले? लेकीच्या केसांबद्दल. धाकटीचे केस कुरळे होते, विंचरताना ती रडायची, आणि बायको घरात नसली की वेणी त्यांना घालावी लागायची, एवढंच. अकरा पुरुष ऐकत होते.

तिसावा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. मी डिस्चार्ज कार्ड भरलं. ते कपडे घालून, दाढी करून समोर बसले होते. मी म्हणाले, "आबा, कुठं जाणार? मेहुण्याकडं?"

"त्यांच्याकडं न्हाई. लई केलं त्यांनी. गावाकडं जातो."

"लातूरला उतरू नका."

"न्हाई उतरणार, बाई. पेपर चालू हाईत तिचे." मग थोडं थांबून म्हणाले, "आणखी थोडे दिस ऱ्हाता आलं असतं तर बरं झालं असतं. गच्चीवर पडलो असतो. खाट न्हाई लागत मला."

मी नाही म्हणाले. रजिस्टरवर नाव नसलेला माणूस गच्चीवर ठेवणं म्हणजे आणखी मोठी भानगड. चाचा दारात उभे राहून ऐकत होते. ते त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले आणि परत आल्यावर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

आठव्या दिवशी संध्याकाळी मामाचा फोन आला. पहिले चार दिवस ते बरे होते, शेतात गेले, शेजारणीला जळण फोडून दिलं. पाचव्या दिवशी सुरू झाली. तीन दिवस जेवण नाही, नुसतं पिणं. दुपारी शेजारी बघायला आले तेव्हा ते दाराच्या चौकटीतच पडलेले होते. मुलीचे दोन पेपर राहिले होते. एक परवा. मामानं तिला सांगितलं होतं.

"उद्या दुपारी माती," मामा म्हणाला. "तुम्हाला कळवावं म्हणून केला फोन. कार्डावर नंबर होता."

वॉर्डात त्या वेळी अकरा पेशंट होते. बातमी मी सांगायच्या आधीच पसरली. त्यांच्यातले पाचसहा जण त्यांच्याबरोबर राहिलेले होते. चाचा पुढं आले. "बाई, आम्ही सगळे जाऊन येतो. तुम्ही पण चला."

"सगळे कसे जाणार चाचा?"

"हाव, सगळे. जो जाईन म्हणेल तो. गटात बसून भाऊ-भाऊ म्हणायला लावता ना तुम्ही? मग भावाच्या मातीला जायचं का न्हाई?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोघे नवे आहेत त्यांना सिस्टरजवळ ठेवा, बाकीच्यांना न्या, संध्याकाळी परत आणा. सचिव लग्नासाठी पुण्याला गेले होते. मी त्यांना विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायचं टाळलं.

सकाळी सहाला काळी-पिवळी जीप केली. नऊ पेशंट, चाचा आणि मी, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. लोहा गेलं, अहमदपूरला चहाला थांबलो, तिथं एक जण दिसेना. मी आणि चाचा दोन दिशांना शोधायला निघालो. अर्ध्या तासानं सापडला, बाजूच्या गाड्यावर भजी खात उभा. "भूक लागली होती बाई," म्हणाला. चाकूर, लातूर, आणि मग खालच्या बाजूला त्या नव्या गावांचा पट्टा, जिथं सगळी घरं एका रांगेत, एका मापाची. मी तिथं बऱ्याच वर्षांनी जात होते. झाडं मोठी झाली होती.

अग्नी पुतण्यानं दिला. बायका मागं थांबल्या होत्या, मुलगी आणि मी त्यांच्यापासून थोडं पुढं बांधाजवळ उभ्या होतो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आमचे नऊ जण लाकडं उचलून देत होते, गावातले लोक हे कोण म्हणून बघत होते. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीस दिवस झाले म्हणूनच सोडलं ना?"

"हो."

"दुसरं काही कारण नव्हतं?"

"नव्हतं."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन पेपर दिला, आणि त्यानंतरचाही.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा सिस्टर जिन्यातच उभी होती. सकाळी अकराला तपासणीचे साहेब आले होते. न कळवता येतात तसे. रजिस्टरवर अकरा, खाटेवर दोन. सिस्टरनं खरं सांगितलं की बाकीचे मयतीला गेलेत. साहेबांनी विचारलं, पेशंट मयतीला जातात? त्यांनी दोन्ही पेशंटच्या सह्या घेतल्या, रिकाम्या खाटांचे फोटो काढले आणि गेले. आठवड्याभरात पत्र आलं. नोंदलेले रुग्ण प्रत्यक्षात आढळून आले नाहीत, खुलासा करावा, तोपर्यंत अनुदान रोखण्यात येत आहे.

सचिव पुण्याहून आले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. "योगशिबिराला नेलं होतं असं लिहू. व्हिजिटचा कार्यक्रम होता म्हणू. मागच्या तारखेची सूचना रजिस्टरला लावून टाकू."

"सिस्टरनं मयत सांगितलंय सर."

"सिस्टरला नीट माहीत नव्हतं म्हणू."

 खुलाशाला मुदत थोडी होती, ती वाढवून मागावी म्हणून मी समाजकल्याणच्या कार्यालयात गेले. आमची फाइल बघणारे भाऊसाहेब वयस्कर होते, समोर डबा उघडून बसले होते. त्यांनी मला बसवलं, अर्धी भाकरी पुढं केली. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, का कुणास ठाऊक. मुलीचं वेळापत्रक, अकरा दिवस, गच्ची. ते ऐकत जेवत होते. मग हात धुऊन आले आणि कपाटातून परिपत्रक काढलं.

"अकरा दिवस ठेवून घ्यायचं होतं की त्याला."

"तीस दिवसांची अट आहे ना."

"हाय ना. पण डॉक्टरच्या शिफारशीवर वाढवता येतंय. हे बघा." त्यांनी पान उलटलं. "तुमच्या फाइलला न्हाई का हे?"

परिपत्रक पाठपोट छापलेलं होतं. आमच्या झेरॉक्सला फक्त पुढच्या बाजू होत्या. मागच्या बाजूला, वरून तिसऱ्या ओळीत, साध्या मराठीत लिहिलेलं होतं की वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी शिफारशीवरून मुक्काम वाढवता येईल. डॉक्टर रोज संध्याकाळी यायचे. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या. मी मागितल्या असत्या तर.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता आणि मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, पाणी घ्या." मग मी समोरच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढली. दुकानदारानं विचारलं, "दोन्ही बाजू?"

मी म्हणाले, "दोन्ही."

पाच वर्षं मी त्या केंद्रात काम केलं होतं. पाच वर्षांत किती जणांना एकतिसाव्या दिवशी दाराबाहेर काढलं त्याचा मी हिशेब केला नाही, करायला बसले तर झेपणार नाही हे मला कळत होतं. चूक एकट्या सचिवांची नव्हती. पान क्रमांक एक, तीन, पाच असे होते. मला दोन आणि चार कुठं आहेत असा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

झेरॉक्स सचिवांसमोर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि फाइलमधली लाल रेघेची प्रत काढून शेजारी ठेवली. ती जुनी झेरॉक्स त्यांनी स्वतः काढून आणली होती, केंद्र सुरू झालं त्या आठवड्यात. "मुलांना पेपरात सांगायचो मी," ते म्हणाले, "प्रश्नपत्रिका उलटून बघा म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग त्यांनी योगशिबिराचा मसुदा फाडला आणि मला म्हणाले, "झालं ते लिहा. मी सही करतो."

मी खुलासा लिहिला. माणूस का सोडला, कसा गेला, आम्ही सगळे का गेलो, आणि मागचं पान आमच्याकडे नव्हतं हेही लिहिलं. दीड पान झालं. त्यात एकही विशेषण घातलं नाही.

उत्तर यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत कुणालाच पगार नव्हता. सिस्टर सकाळी दुसऱ्या दवाखान्यात जायची आणि दुपारून आमच्याकडे. चाचांनी घरून मशीन आणून वॉर्डाच्या कोपऱ्यात ठेवली, शाळेचे गणवेश शिवायला घेतले आणि पेशंटांकडून बटणं लावून घेतली. खाली घरमालकाकडे रोज कुणी ना कुणी यायचं. नांदेडलाही क्लासेस वाढत होते, वरचा मजला हॉस्टेलला दिला तर पोरं रांग लावतील असं त्याला सांगायचं. घरमालक आम्हाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो." दिवाळीच्या आधी पत्र आलं. संस्थेला सक्त समज देण्यात येत आहे आणि अनुदान पूर्ववत करण्यात येत आहे. घरमालकानं तरी जागा खाली करून घेतलीच, आणि आम्ही विष्णुपुरीच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत गेलो. तिथं आवार मोठं होतं.

मधल्या काळात, उन्हाळ्यात, मी आईकडे लातूरला गेले असताना त्या मुलीला भेटले. तिची प्रवेश परीक्षा होऊन गेली होती. क्लासेसची गल्ली रिकामी होत होती, पोरं गाद्यांच्या वळकट्या रिक्षात चढवत होती, झेरॉक्सच्या दुकानांसमोर जुन्या नोट्सचे गठ्ठे पडले होते. ती मेसच्या ओट्यावर बसली होती. मी तिच्या हातात कागद दिला आणि ओळ दाखवली. रस्त्यात मी वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही वापरता आलं नाही.

तिनं ओळ वाचली. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. असायला पाहिजे होतं."

"माहीत असतं तर ठेवलं असतं?"

"असतं."

 शेजारून एक पोरगी बादली घेऊन गेली, तिच्याकडे बघून ही ओळखीचं हसली आणि परत कागदाकडे वळली. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. "मला अजून कळत नाही की कळलं ते बरं झालं का नाही."

"मलाही," मी म्हणाले.

कागद तिनं ठेवून घेतला. तिला पुढं इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, औरंगाबादला, असं मामानं फोनवर सांगितलं. तिनं मला कधी पत्र लिहिलं नाही आणि मीही लिहिलं नाही.

वखारीतल्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एकेचाळीस दिवस, पन्नास दिवस राहिलेली माणसं झाली. सगळी बरी झाली असं नाही. काही जण पन्नासाव्या दिवशी गेले आणि एक्कावन्नाव्या दिवशी प्यायले. पण काहींना तेवढ्यात काम मिळालं, काहींच्या घरचा राग उतरला. डॉक्टर शिफारस लिहायचे आणि मी ती फाइलला लावायचे.

त्याच वर्षी उमरीहून एक बाई आली. शेतात मजुरीला जाणारी, चाळिशीची, शिंदी पिणारी. एकटी आली होती. चाचांना वाटलं नवऱ्याला भरती करायला आली. तिनं पदर सावरून सांगितलं, "माझ्यासाठी आले. मला सोडायचीय."

आमच्या पंधराही खाटा पुरुषांसाठी मंजूर होत्या. त्या वेळी मी परिपत्रक दोन्ही बाजूंनी, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. बायकांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. प्रस्ताव पाठवला, चार खाटा मागितल्या. नामंजूर होऊन आला. पुढच्या वर्षी परत पाठवला.

तोवर ती बाई दर मंगळवारी पॅसेंजरनं यायची. डॉक्टर संध्याकाळी यायचे आणि तिची गाडी त्याआधीची, म्हणून त्यांनी मंगळवारी दुपारी एक चक्कर मारायला सुरुवात केली. तिचं नाव कुठल्याच रजिस्टरला लिहिता येत नव्हतं. मी एक साधी वही केली. ती ओट्यावर बसून आठवडा सांगायची. कोणत्या दिवशी प्याली, कोणत्या दिवशी नाही, कुणाच्या शेतात होती. मी लिहीत जायचे. चौथ्या का पाचव्या मंगळवारी ती आणखी एकीला बरोबर घेऊन आली आणि म्हणाली, "ही शेजारीण हाय. ही म्हणून राहिली, मला पण त्या वहीत घ्या."